बोरीच्या सावलीची ओवी

“न्हाई! मला गुंगवू नको, धर्मा... पाया पडते तुज्या!”

सुजलेला गाल तळव्यात धरून गिरिजाबाई दवाखान्याच्या खुर्चीतून अर्धी उठली. धाकट्या भावाच्या दातांच्या दवाखान्याची पाटी जालन्यात लागल्यापासून ती आज प्रथमच त्याचा उंबरा ओलांडत होती. आणि तेही त्यानं बोलावलं म्हणून नव्हे, तर सूज गळ्यापर्यंत उतरून पाण्याचा घोटही जाईना, तेव्हा भावजय सत्यशीला बदनापूरला येऊन हात धरून घेऊन आली म्हणून!

धर्मराज हात धूत पाठमोराच बोलला, “बधिर करायच्या सुईनं मागं तुझा जीव जाता जाता वाचला. ती सुई मी देणार न्हाई. आणि दाढ आज निघाली न्हाई तर पू खाली छातीत उतरंल. संमोहनानं कळ बरीच कमी करता येती. मी शिकून आलोय.”

“लोक भानामती म्हनतेत त्याला.”

“लोक आईच्या मरणाबद्दलबी बोलले व्हते,” तो थंडपणे म्हणाला, “ते खोटं व्हतं का?”

त्या शब्दांनी तिच्या काळजात जी कळ उठली, तिच्यापुढं दाढेची कळ काहीच नव्हती! आई तापानं फणफणत असताना गिरिजानं वेळेवर गाडी मागवली नाही, म्हणून आई गेली... हेच गावानं ऐकलं, बापानं ऐकलं, आणि मोठा होऊन डॉक्टर झालेल्या या भावानं तेच धरून तिच्याशी बोलणं टाकलं. पण ऐकवणारी ती स्वतःच होती! खरं तर तिनं वेळेवर धाडलं होतं... एवढ्याशा धर्माला, तातेरावांच्या मळ्यात, बैलगाडी बोलवायला. वाटेत बोर लगडली होती. पोर बोरं वेचत बसलं, सावलीला झोपलं... परतलं तेव्हा आईचा श्वास थांबला होता. “माज्यामुळं गेली का गं आई?” असं विचारत त्यानं अन्न टाकलं, वाळून चालला, तेव्हा त्या पोरसवदा बहिणीनं सारा दोष आपल्या पदरात बांधून घेतला होता.

आणि आता गुंगीत ते सगळं ओठांवर आलं तर...?

ही भीती दुखण्याची नाही, हे सत्यशीलानं ओळखलं. ती कानाशी वाकली. “वन्सं, यात माणूस बेशुद्ध होत न्हाई. जे सांगायचं न्हाई, ते तुमच्याकडून कुणीच वदवू शकत न्हाई. मन पुरतं तुमच्याच ताब्यात राहतं.”

गिरिजानं डोळे मिटले.

धर्मराजचा पुस्तकी स्वर सुरू झाला... अंग सैल सोड, श्वास संथ घे... पण तिची बोटं खुर्चीच्या दांड्यावर ताठच! चिमटा लागताच ती कळवळून ओरडली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. धर्मराजच्या कपाळावर घाम डवरला.

“आक्का,” कित्येक वर्षांनी ती हाक त्याच्या तोंडून निसटली, “तुला कुठं निवांत वाटतं? तिथंच जाऊ आपण.”

“जात्यापाशी,” ती पुटपुटली. “तू मांडीवर निजलेला...”

तो थबकला. मग हलक्या आवाजात ते जुनं घर तिच्यापुढं उभं करू लागला... खुंट्यावर तुझा हात, जोंधळ्याची मूठ, पिठाचा कोवळा उबारा... आणि नकळत त्याच्या गळ्यात तिचीच ओवी आली :

*दळण दळीते गं, जातं करी घरघर*
*मांडीवर बंधुराया, नीज बाळा घडीभर...*

तिची बोटं सैलावली. श्वास जात्याच्या फेऱ्यासारखा संथ फिरू लागला.

“ऊब गालात उतरतीय, आक्का... गाल जड झालाय, पिठाच्या पोत्यावाणी... कळ लांब चाललीय, वेशीपल्याड...”

चिमट्यानं दाढ धरली. हलवली. गिरिजाच्या पापण्या फक्त थरथरल्या! त्यानं सूर तुटू दिला नाही. पुढची ओवी आपोआप ओठांवर आली :

*बोरीच्या सावलीला, खेळतो बंधुराया*
*कुणी न्हाई धाडीलं गं, कुणाला बोलवाया...*

दाढ टणकन ताटलीत पडली, आणि धर्मराजचा आवाज तिथंच थिजला.

गिरिजानं डोळे उघडले. कळ नव्हती... पण समोर भाऊ पांढराफटक पडला होता. त्यानं जखमेवर कापसाचा बोळा दाबला.

“आक्का... ही ओवी कुठल्या जात्यावर असती गं? मी कुठंच ऐकली न्हाई दुसरीकडं. तू माझ्यासाठीच रचली ना? रोज म्हणत राह्यलीस... मला खरी वाटंस्तोवर!” तो तिच्याकडं बघत राहिला. “मला आठवतंय... तुझ्यासाठी सदऱ्यात बोरं बांधून आणल्ती मी. दारात माणसं जमल्ती. तू पळत आलीस, अन् माझं तोंड पोटाशी दाबून धरलंस... तू मला धाडलं व्हतं, आक्का!”

बोळा दाताखाली होता, तिला बोलता येईना. डोळ्यांतून धारा वाहत होत्या, आणि तरीही ती वेड्यासारखी मान हलवत राहिली... न्हाई, न्हाई, न्हाई!

“अजूनबी खोटंच बोलतीस!” धर्मराज खुर्चीपाशी कोसळला, त्यानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. “मी कशाला शिकायला गेल्तो गं... माझ्यावर तर पहिलं संमोहन तूच केलंस!”

दाराशी उभ्या सत्यशीलानं पदरानं तोंड झाकलं.

गिरिजाचा हात त्याच्या डोक्यावर आला, आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसा त्याच्या केसांतून गोल गोल फिरू लागला...

त्यानं तो हात हळूच धरला, थांबवला, गालाशी लावला.

“आता नको निजवू, आक्का,” तो म्हणाला. “आता मला जागाच राहू दे.”