काकवीची कुकी वाकली पाहिजे

सायलस टिबो आणि मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याने माझी कुकी बोटीच्या कठड्यावर आपटून पाहिली.

मी वाढवून सांगत नाही. नाताळ तोंडावर आला होता. आकाशातून पाऊस की बर्फ हे न ठरलेलं काहीतरी पडत होतं, आणि मी चर्चच्या चहापानासाठी कुकीजचा डबा घेऊन आमच्या पिंचर बेटावरून पलीकडच्या गावी निघाले होते. बोट हेलकावली, डबा उघडला, आणि एक कुकी घरंगळत जाऊन नव्या इंजिनवाल्याच्या बुटाशी थांबली. भिजलेली टोपी, तेलकट हात आणि राखाडी डोळे. (डोळ्यांचा उल्लेख केवळ ओळख पटावी म्हणून. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही.) त्याने कुकी उचलली, फुंकली आणि लोखंडी कठड्यावर आपटली. टक्. टक्.

"आवाज छान आहे," तो म्हणाला.

"ती खायची वस्तू आहे!"

"असं?" त्याने कडाडकन एक तुकडा तोडला आणि डोळे मिटून चघळला. "सुंठ झकास. लवंग बेताची. पण काकवीची कुकी वाकली पाहिजे हो. आधी वाकली पाहिजे, मग तुटली पाहिजे. ही म्हणजे..."

"काय ही म्हणजे?"

"फार बाणेदार आहे." मग डब्यावरचं नाव वाचून त्याने टोपीला हात लावला. "रागावू नका, ब्लॅगडनबाई."

बाई! मी सव्वीस वर्षांची होते. आमच्याकडे सगळे सगळ्यांना 'लाडके' म्हणतात. पोस्टातला क्लार्क तिकिटं देताना म्हणतो, डॉक्टर सुई टोचण्याआधी म्हणतात, आणि हवालदाराने आमच्या काकाला पकडलं तेव्हा तोही "चल, लाडक्या," असंच म्हणाला होता. अख्ख्या न्यूफाउंडलंडमध्ये मला 'बाई' म्हणणारा हा एकटा. राजधानीत, सेंट जॉन्सला, शिकला होता म्हणे. तिथे माणसाला असं काहीबाही शिकवतात.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा शेगडीपाशी बसून माझीच कुकी चहात बुडवत होते. त्यांनी ती बुडवली, वाट पाहिली, पुन्हा बुडवली.

"बाबा, तुम्हीच सांगा. टणक असते का हो माझी कुकी?"

बाबांनी कुकी तिसऱ्यांदा बुडवली. "चहा होता ना, लाडके."

आई गेल्यापासून पाच नाताळ माझ्या हातच्या कुकीज खाऊन हा माणूस गप्प होता! आईची कुकी कशी असायची, तेही मी विचारलं. ते म्हणाले, "मऊ," आणि खिडकीबाहेर पाहू लागले. तो राग मला कुणावर काढावा ते कळेना. म्हणून मी तो टिबोवर काढायचं ठरवलं. तो सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी काकवी आणायला मेबल मावशीच्या दुकानात गेले, तर शेवटचा डबा टिबोच्या हातात.

"ठेवा तो खाली," मी म्हणाले.

"मी पैसे दिलेत."

"बेटावरच्या बायकांचा नाताळ उपाशी ठेवून इंजिनात घालणार का ती?"

"पावाला लावून खाणार." मग त्याने डबा खाली ठेवला. "अर्धी घेता? एका अटीवर. मी एक सांगतो ते ऐकायचं."

मेबल मावशी कपाट पुसायचं सोडून कान पुसत असल्यासारखी उभी राहिली.

"तुम्ही कुकी ओव्हनमधून कधी काढता?" त्याने विचारलं.

"झाली अशी खात्री पटली की."

"तिथेच चुकतं. खात्री पटली म्हणजे उशीर झालेला असतो. कडा धरल्या असतील आणि मध्ये अजून कच्ची वाटत असेल... पोटात धस्स होत असेल... तेव्हाच काढायची. पुढचं ती ताटलीत आपलं आपण करते."

"एवढं कळतं, तर स्वतः का नाही करत?"

"माझा ओव्हन बोटीवर आहे, ब्लॅगडनबाई. त्यात डिझेल जळतं."

मी हसले नाही. मावशी हसली, ते वेगळं. मी अर्धी काकवी उचलली आणि पूर्ण डबा घेऊन बाहेर पडले. म्हणजे आधी मावशीला अर्धी त्याच्यासाठी बरणीत काढायला लावली, आणि मग डबा घेतला. अन्यायाला अन्यायाने उत्तर देणारी मी नव्हे.

पहिली खेप फुटली. दुसरी इतकी पसरली की तिने जेवणाचं टेबल झाकता आलं असतं. तिसरी मी काढली तेव्हा ती सरळसरळ कच्ची दिसत होती. तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. वळून पाहिलं तर वर साखरेचे कण आणि बारीक भेगा, आत काळपट ओल, आणि घरभर दालचिनी-जायफळाचा वास. उचलली, तर ती वाकली. हळूच, लाजल्यासारखी. बाबांनी एक खाल्ली आणि चहाचा कप दूर सरकवला. मग बराच वेळ नाक शिंकरत होते.

त्या दिवसांत मी वरचेवर पलीकडच्या गावी गेले. कामं होती. कसली होती ते आता आठवत नाही. दर खेपेला डबा बरोबर असे, टिबो एक कुकी उचले, दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघे, आणि मग माझ्याकडे बघे. "अजून जरा..." एवढंच म्हणे. समुद्र उसळत असे. मी डब्याचं झाकण हमखास वाकडं लावत असे. दोष मी लाटांना देत होते.

नाताळ झाला आणि मावशीकडून कळलं की टिबोला सेंट जॉन्सला पक्की नोकरी मिळते आहे. इथली हंगामी होती. उद्या सकाळी होकार कळवला की तो परवाच्या बोटीने निघाला. ही बातमी मावशीला ठाऊक, पोस्टातल्या क्लार्कला ठाऊक, चर्चच्या मांजरालाही ठाऊक असावी. आणि मला? माझ्या इतक्या कुकीज खाऊन त्या गृहस्थाने मला एका अक्षराने सांगितलं नव्हतं!

त्याच संध्याकाळी आमच्याकडे सोंगं आली.

नाताळानंतर येतातच. दुसऱ्याचे कपडे घालायचे, पोटावर उशा बांधायच्या, तोंडावर पडद्याची जाळी टाकायची, श्वास आत ओढत बोलायचं, आणि घरच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय जाळी वर करायची नाही, आणि जाळी वर केल्याशिवाय खायचं नाही. बाबांनी दोघांना चुटकीसरशी ओळखलं. ते मावशीचे भाचे होते, आणि रम घेऊन कोपऱ्यात बसले. तिसरं सोंग उंच होतं. अंगात मावशीचा फुलाफुलांचा नाइटगाऊन, पुढे उशी, मागे उशी.

"ओळखा बघू," सोंग श्वास ओढत म्हणालं, आणि सवयीने त्याने ताटलीतली एक कुकी उचलून दोन्ही हातांनी वाकवली.

ती वाकली. वाकतच गेली. सोंग जागच्या जागी थिजलं.

मी तेव्हाच ओळखलं. आणि तेव्हाच ठरवलं, ओळखलं असं दाखवायचं नाही.

"मेबल मावशी," मी म्हणाले.

"नाही."

"पाद्रीबुवा."

"नाही..."

"पाद्रीबुवांची गाय?"

"मी बोटीवरचा आहे हो!"

"बोटीवरून मेंढरंही येतात."

"अगं ट्रीना," बाबा म्हणाले, "आंधळ्यालासुद्धा दिसतंय..."

"बाबा, तुम्ही पाच वर्षं गप्प होतात. आणखी पाच मिनिटं राहा."

सोंग शेगडीजवळ उभं होतं. उशांत घामाघूम झालं होतं. हातातली कुकी तोंडाजवळ न्यायचं आणि जाळीला अडवून परत आणायचं.

"सेंट जॉन्सला उद्या उत्तर द्यायचंय," ते अखेर म्हणालं. या वेळी श्वास ओढायचं विसरलं. "इथे थांब असं कुणी म्हणेल का... त्याची खात्री नव्हती. खात्री पटली की सांगणार होतो."

"खात्री पटेपर्यंत थांबलं की टणक होतं," मी म्हणाले. माझा आवाज चिडका होता. निदान तसा असावा अशी माझी इच्छा होती. "कडा धरल्यात. मध्ये कच्चं वाटतंय. पोटात धस्स होतंय. असं असताना काय करायचं, ते मला एका शहाण्याने शिकवलंय. स्वतः मात्र उशी बांधून आलाय!"

कोपऱ्यातले भाचे रम प्यायचे थांबले. मला कसलीच खात्री नव्हती. म्हणूनच बोलले.

"सायलस टिबो. थांब इथेच. आणि आता तो पडदा वर कर आणि खा."

त्याने जाळी वर केली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि ते राखाडी डोळे. पुढची उशी खाली पडली. त्याने कुकी तोंडात घातली आणि चावत राहिला. चांगली चिवट झाली होती, लवकर संपेना. सगळं स्वयंपाकघर त्याच्या जबड्याकडे बघत होतं.

"सेंट जॉन्सला नाही म्हणून कळवतो," तो शेवटी म्हणाला. मग अगदी हळू, "लाडके."

हा शब्द मी जन्मापासून पोस्टात, दवाखान्यात, दुकानात ऐकत आले. त्याला उत्तर म्हणून "लाडक्या" म्हणून मोकळं व्हायचं असतं. मला ते जमेना. बाबा एकाएकी शेगडीत लाकडं सारू लागले. शेगडी भरलेली होती.

"आणि कुकी?" मी कसंबसं विचारलं. "कुकी कशी झाली?"

त्याने बोटांवरची साखर चाटली आणि विचार केला.

"एक मिनिट आधी काढायला हवी होती."

एक मिनिट आधी! उशीवर उभा राहून, मावशीचा नाइटगाऊन घालून, माझ्या घरात! आता लग्नाला बरीच वर्षं झाली. दर नाताळाला मी एक मिनिट आधी काढते, आणि तो माणूस दर नाताळाला तेच म्हणतो.