पगार विचारणारी मुलगी

"तुम्हाला पगार किती मिळतो?"

त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात तो मामाच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून मामाची ती मूठ मिटलेलीच होती. शिंप्याचा हात, आणि त्याला साधं बटण लावता येत नव्हतं!

थेरपिस्टने मान वर केली. चष्म्यामागचे डोळे आधी दचकले, मग हसले.

"लग्नासाठी विचारताय?"

मामा खो-खो हसला. माझे कान तापले.

"नाही हो! मला हाच कोर्स करायचाय. कुरिअरच्या काउंटरवर पावत्या फाडून कंटाळलेय. प्रवेश मिळतोय, बँक कर्ज द्यायला तयार आहे... फक्त ते फिटतं का, हे कुणीच धड सांगत नाही."

"मग चहा घेऊ. इथे पेशंटसमोर पगार सांगितला, तर सगळे मलाच मदत करायला लागतील."

कँटीनमध्ये त्याने काहीही न लपवता सांगितलं. हातात येतं त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यात जातो. संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेतले, तर थोडी वरकमाई होते. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची, पुढे बरं.

"आणि सगळं देऊन उरतं काय?"

"मी उरतो," तो म्हणाला. "तोही दमलेला."

"पश्चात्ताप होतो?"

चमचा कपात फिरायचा थांबला. "हे बँकेनेसुद्धा विचारलं नव्हतं." उत्तर मात्र त्याने दिलं नाही. मला ते हवं होतं... म्हणून असेल, मामाला घेऊन यायचं काम मी आईकडून काढून घेतलं.

रोज नवा प्रश्न घेऊन जायचे मी. तोही वाट बघायचा. "बोला, आज काय?"

"पेशंटचं मनगट धरलं की डोळे का मिटता?"

"बोटांना जास्त कळतं. दाखवू?" त्याने माझं मनगट धरलं. अगदी हलकेच. डोळे मिटले. भिंतीवरच्या मोठ्या आरशात आम्ही दोघंही दिसत होतो, आणि मला कुठे बघावं कळेना.

"काय कळतंय?"

"की तुमचं उत्तराकडे लक्ष नाहीये..."

"काय रे छळवाद्या," पलीकडून मामा ओरडला, "पेशंट मी आहे!"

मग एका सकाळी त्याने मामासमोर कापडाचा तुकडा ठेवला आणि कात्री. मामाने घाम गाळला, शिव्या दिल्या, कात्री दोनदा खाली पाडली. आणि मग – करकर करकर – कापड कापलं गेलं. वेडंवाकडं, पण आरपार. मामा त्या तुकड्याकडे बघतच राहिला. थेरपिस्ट पाठ फिरवून खिडकीशी गेला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता.

त्या दिवशी माझं ठरलं. शिकायचं ते हेच. प्रश्न एवढाच होता, की कुठे.

जवळचं कॉलेज खासगी, फी डोळे पांढरे करणारी. दुसरं पाच तासांवरच्या गावात; हॉस्टेल धरूनही खर्च निम्मा. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं.

"कुठलं घेऊ?"

"मला विचारू नका."

"का? आजवर सगळं तुम्हीच तर सांगितलंत!"

"आजवर खरं सांगत होतो." तो खाली बघत होता. "जवळचं कॉलेज माझ्या बसच्या वाटेवर आहे. तुम्ही रोज दिसाल... म्हणून मला सारखं वाटतंय, की तेच चांगलं. त्यामुळे माझं मत धरू नका."

रस्त्यावरची वर्दळ एकदम लांब गेल्यासारखी झाली.

"आणि मी कुणीच नसते, तर काय सांगितलं असतं?" मी हळूच विचारलं.

दुखरा दात उपटावा तसं तो बोलला, "लांबचं घे. शिकवतात सारखंच. एवढा हप्ता मानेवर घेऊ नकोस... मी घेतलाय."

'तुम्ही'वरून तो 'तू'वर आला होता. त्याला कळलंही नाही. मला कळलं.

मी लांबचं घेतलं.

निघायच्या दिवशी मामा आणि तो, दोघंही बसस्टँडवर आले. मी खिडकीत बसले. तो खाली उभा.

"एक सांगू?" मी म्हणाले. "तू जवळचं म्हणाला असतास ना, तर मी पैशांकडे बघितलंही नसतं. हो म्हटलं असतं."

"हे... हे तू आत्ता सांगतेयस?"

"आधी सांगितलं असतं, तर तू लांबचं म्हणाला असतास?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. बस हलली, आणि तो खिडकीखालून नाहीसा झाला. मी मान बाहेर काढून शोधते आहे, तोवर माझ्या शेजारच्या सीटवर कुणीतरी धापा टाकत येऊन आदळलं.

"अरे! हे काय?"

"रविवार आहे. सुट्टी आहे मला. रात्रीच्या बसने परत येईन." श्वास घेत तो म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. खिडकीतून ओरडून सांगायचं नव्हतं."

मी काही बोलणार, तोच बस स्टँडच्या फाटकाशी अडली आणि खिडकीबाहेरून मामाचा आवाज आला.

"अरे छळवाद्या, तिकीट तरी काढ!"

अख्खी बस हसली. मी त्याचा हात धरला आणि कंडक्टरला म्हटलं, "दोन द्या."