टोक नसलेली कॉलर

"कवडूजी हायेत काय?"

आवाज पाठीमागून आला आणि चंद्रकलाच्या हातातली कैची नको तेवढी पुढे गेली. शिवलेली कॉलर उलटवून तिचं टोक बाहेर काढणं हे नाजूक काम; जरा जास्त रेटा बसला की कापडातून लोखंडच बाहेर येतं. तसंच आलं.

"बाबा सावरगावले गेले," ती न वळताच म्हणाली. "अन् तुमी काय मांजरीच्या पायानं येता जी? पाहा, फाटली न कॉलर!"

"अरे बापा... कोणाची व्हय?"

"कोणी उत्तम म्हणून हाय सौंसरचा. कोण अशीन बिचारा!"

"बिचारा मीच व्हय."

आता ती वळली. दारात उंच, सडपातळ तरुण उभा होता, हातात संत्र्यांची पिशवी. तो हसत होता. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, ओठांवर उशिरा. पुढं केस पांढरे झाले तरी ते तसंच राहिलं.

"उद्या बोरगावले पोरगी पाहाले जायचं हाय," तो म्हणाला. "आई दाराशी बसून वाट पाहून राहिली अशीन शर्टाची."

आकाशी कापड बोटभरही उरलं नव्हतं. तिनं फाटकं टोक उलटसुलट करून पाहिलं. मग हातातली लाल काचेची बांगडी काढली, कॉलरच्या कोपऱ्यावर ठेवली आणि तिच्या कडेनं खडू फिरवला.

"दोन्ही टोकं गोल करून देते."

त्या दिवसांत पोरांच्या कॉलरी खांद्यापर्यंत पोचायच्या, भाल्यासारख्या. उत्तमनं त्या खडूच्या रेषेकडे पाहिलं. "लेकराच्या झबल्यावानी दिसन."

"दिसू द्या. पोरगी काय टोकं पाहून हो म्हणते?"

तो स्टुलावर बसला. मशीन चालत राहिली, तो संत्रं सोलत राहिला. सोललेल्या फोडी त्यानं मशीनच्या कडेला मांडून ठेवल्या. तिनं त्या शिवता शिवता खाल्ल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो परत आला. "नकार आला. पोरीचा भाऊ म्हणे, नवरदेव हाय का बालवाडीतला पोट्टा?"

चंद्रकलाचा चेहराच उतरला. "माह्यामुळं झालं..."

"हाव, तुमच्याचमुळं." त्यानं नवं पांढरं कापड पुढं ठेवलं. "हा शिवा. जामसांवलीकडं पाहाले जायचं हाय. कॉलर मात्र तशीच पायजे."

"काऊन? पुन्हा नकार आला तं?"

"आला तं आला," तो म्हणाला आणि तिच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहत राहिला.

तो नकारही आला. कवडूजी मात्र चिडले. "माह्या दुकानाचं नाव बुडवून राहिला हा पोट्टा! लोक म्हणतीन, कवडूले टोकच काढता येत नाही."

मग उत्तम आला तो वेगळाच. हातात पांढरं, रेघांचं कापड, भांग नीट, नजर भिंतीवरच्या खिळ्यावर. "ह्या वेळी पोरगी मलेच पसंत हाय," तो म्हणाला. "नकार नाही पायजे."

"बरं हाय," चंद्रकला म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तो शर्ट तिनं जीव ओतून शिवला. कॉलरची टोकं अशी काढली की कवडूजींनी डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "वा, बाई!" त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

उत्तमनं घडी उलगडली आणि त्याचं तोंड पडलं.

"हे काय केलं?"

"नकार नाही पायजे म्हणाले न तुमी... टोक असलं की कोणी हसत नाही."

"ते पोरगी हसत नाही त्या कॉलरीले. तिनंच काढली हाय ते... बांगडी ठेवून."

मशीनवरचा तिचा पाय थांबला. बाहेर ट्रकमध्ये संत्र्यांच्या पेट्या चढत होत्या, कोणीतरी "अजून एक घे" म्हणून ओरडत होतं. चंद्रकलानं खाली मान घालून बांगडी काढली. इतक्या मेहनतीनं काढलेल्या टोकांवर ती ठेवली. खडू फिरवला.

"बाबा रागावतीन," ती म्हणाली.

"माही आई बी. मग?"

"मग काही नाही." आणि तिनं कैची चालवली.

कॉलर पुन्हा बसवून होईपर्यंत तो बांगडी उचलून बोटांत फिरवत स्टुलावरच बसला. निघताना बांगडी त्याच्याच मुठीत राहिली होती. दारात गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "अहो, हे तुमची..."

"राहू द्या," चंद्रकला दोरा दातानं तोडत म्हणाली. "उद्या आईले संगं घेऊन येजा. तवा माह्या हातात घालजा."