हाकेला वळणारा रेडा

त्या दिवशीच्या कंबळात, म्हणजे चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीत, वारिजाला दोन गोष्टी मिळणार होत्या. तिची रेड्यांची जोडी पहिली आली, तर कृष्णप्पामामा ती विकणार नव्हते. आणि उमानाथचं नाक कापलं जाणार होतं. खरं सांगायचं तर, दुसऱ्या लाभाचा हिशेब तिने जास्त वेळा केला होता.

रेडे धुवायच्या तळ्यावर नेमका तोच समोर आला. खांद्यावर ओला दोर, आणि ओठांच्या कोपऱ्यात तेच ते... हसू. गेल्या वर्षीपर्यंत तो तिच्याच घरची जोडी शर्यतीत पळवायचा. मामांनी बोल्ला नावाचा रेडा पेर्ल गावच्या धन्यांना विकला, आणि आठवड्यात उमानाथही तिकडेच गेला.

"फुगलायस रे! तिकडे रेड्यांबरोबर तुलाही हुलग्याची पेज घालतात वाटतं?"

"तू घालत नाहीस, मग कुणीतरी घालायलाच हवी."

"तोंड सांभाळ, घरभेद्या!"

"रागावलीस की नाकावर घाम येतो तुझ्या, वारिजा—"

"तुझ्या रेड्याचा पूस!" ती फणकारून निघाली. वळणावर ओढणीने नाक मात्र पुसलं.

संध्याकाळी शेवटची धाव. चिखलाचे दोन पट्टे शेजारीशेजारी. एकावर तिची जोडी, दुसऱ्यावर पेर्लची, मागे दोर धरून उमानाथ. पाणी उसळलं. पेर्लची जोडी पुढे गेली आणि वारिजाचं डोकं फिरलं. काठाने धावत ती गळा फाडून ओरडली, "उम्या, मेल्या, पड! पड चिखलात!"

पेर्लच्या जोडीतला बोल्ला गर्रकन वळला. रेडकू असल्यापासून हा आवाज आला की पेज येते, एवढंच त्याला ठाऊक. शिव्या काय नि ओव्या काय! जोडीदारालाही ओढत तो थेट तिच्या दिशेने काठ चढला. दोराबरोबर उमानाथ फरफटत आला. तिकडे तिची जोडी जिंकली.

"बाईच्या हाकेला वळणारा रेडा नको मला!" पेर्लचे धनी थयथयले. "उद्याच बाजार दाखवतो याला!"

उमानाथचा हात लोंबत होता.

"दोर का नाही सोडलास, मूर्खा?"

"गर्दीत घुसला असता. लोकांनी बडवला असता त्याला." तो धापा टाकत होता. "विकला त्या दिवशी गोठ्यात रडत कोण म्हणालं होतं... याला कुणी मारू नये, एवढं बघ? म्हणून तर गेलो त्याच्यामागे."

"आणि वर्षभर हे सांगितलं नाहीस?" ती आणखीच भडकली.

"तू बोलू दिलंस कधी?"

"लग्नानंतरही असाच मुका बसणार आहेस का?"

तो दुखणं विसरला. "कुणाच्या... लग्नानंतर?"

"ऊठ आधी. चिखल लागतोय मला." पण त्याचा धड हात तिने सोडला नाही.

मामा सोन्याचं पदक मिरवत आले. तिने ते काढून घेतलं, पेर्लच्या धन्यांच्या हातावर ठेवलं आणि बोल्लाचा दोर धरला.

"अगं, पदक माझं आहे!"

"जिंकवलं कुणी, मामा? तुम्ही?"

शेवटी हिशेब असा झाला: हात मोडला उमानाथचा, नाव गेलं पेर्लचं, सोनं गेलं मामांचं. वारिजाचा गेला तो फक्त वर्षभर जपलेला राग. तोही सगळा नाही. उमानाथला भात भरवताना ती रोज थोडा वसूल करते.