मुक्या करकोच्याचे उपकार

लांबून

“सारस! अगं अलका, सारस!”

हिवाळा, १९८४. जयपूरच्या मराठी मंडळाची सहल कानोत्याच्या बंधाऱ्यावर आली होती. उथळ पाण्यात माझ्या खांद्याइतका उंच पक्षी उभा होता...

“सारस नाही,” मागून कुणीतरी म्हणालं.

सुभेदार सर्जेरावांचा नंदकिशोर. गळ्यात दुर्बीण. सगळं बालपण छावण्यांमधून फिरलेलं, म्हणून मराठी अडखळत.

“सारस राखाडी असतो, डोकं लाल. याची... मतलब, मान बघा. काळी, चमकणारी. करकोचा आहे हा. इकडे लोहा सारंग म्हणतात.”

जवळून

दुर्बीण माझ्या हातात. पट्टा अजून त्याच्याच गळ्यात.

“डोळा बघा.”

“कुणाचा?”

त्याचे कान लाल झाले. “पक्ष्याचा.”

“पिवळाधमक! म्हणजे नर. ऐट बघा ना!”

“मादी आहे. नराचा डोळा काळा. साधा.”

“अरेरे, मग त्याच्याकडे कोण बघणार?”

“तुम्ही... दुर्बीण माझ्याकडे वळवलीय.”

आवाज

नाही.

मोठ्या करकोच्याच्या गळ्यातून आवाज फुटत नाही, हे नंदकिशोरनेच सांगितलं. जोडी घरट्यावर समोरासमोर उभी राहते, चोची वाजवते. टकटक. झालं बोलणं.

पुढे दर रविवारी तो आम्हाला — माझी मैत्रीण अलका हिला आणि मला — पाणपक्षी दाखवत राहिला. पायांबद्दल बोलला, चोचींबद्दल बोलला. बाकी... काही नाही.

मग बाबांच्या बँकेतून बदलीचा हुकूम आला. नागपूर.

पुन्हा आवाज

सामान बांधून झालं होतं. नंदकिशोर निरोपाला आला, खोक्यावर बसला. मी चहा दिला.

“बोला, काय काम काढलंत?” बाबा म्हणाले.

“काका... मतलब...”

 त्याच्या हातातला कप बशीवर वाजत होता — टकटक, टकटक.

मी बघतच राहिले. आणि हातातल्या चमच्याने ट्रेवर हळूच —

टकटक.

त्याने मान वर केली. काळे डोळे. साधे. मला दुर्बीण लागली नाही.

“काय गं शालिनी, काय चाललंय?”

“बाबा, यांना मला मागणी घालायचीय. त्यांचं बोलून झालं. माझंही.”

बाबा त्याच्याकडे वळले. “खरं का हो?”

“हो,” नंदकिशोर म्हणाला. स्पष्ट, न अडखळता.

अजून

हिवाळा आला की आम्ही कानोत्याला जातो. करकोचा दिसतोच असं नाही.

नसला तर रिकाम्या पाण्यालाच हात जोडून येतो.