माळावरचा शेवटचा खांब

अवसरी खुर्दला कॉलेजामागे नवउद्योग परिसर उभा राहत होता. जागा सरकारची, खांब आणि केबल कंपनीची, अशी भागीदारी. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर फोटो आधी झळकले, केबल मागाहून आली, ते असो. प्रत्येक खांबावर वायफाय, कॅमेरा आणि अडल्यानडल्याला बोलायला स्पीकर-माईक होता. कंपनीतर्फे काम बघायला होती ऋतिका, गावचीच, मेंढपाळाच्या घरातली पहिली इंजिनिअर. हट्टानं तिनं एक खांब आपल्या घरासमोरही बसवून घेतला होता. तिच्या आईला त्याचं कोण कौतुक!

आता एकच खांब तपासायचा राहिला होता, पार माळावरचा. तो पास झाला की काम सरकारच्या ताब्यात. तिचे आबा, मच्छिंद्र, तिथंच मेंढरं चारत होते. ऊन कलायला लागलं होतं. वारा पडलेला, लोकरीचा आणि वाळल्या गवताचा वास जागच्या जागी साचलेला.

"आबा, जरा हिकडं या. खांबातनं हाक येईल, तुमी नुसती ओ द्यायची. तिकडं ऐकू जातंय का बघायचंय."

आबा जागचे हलले नाहीत. "मानूस दिसल्याबिगर माळावर ओ देत न्हाईत, ऋते. तुला म्हाईत हाय."

माहीत तर होतंच. लहानपणी आईनं परसातून हाक मारली तरी ती आधी खिडकीतून डोकवायची, मग ओ द्यायची. कॉलेजात मैत्रिणी त्यावरून तिला किती हसल्या होत्या.

"भरत हाय तो, माझ्या हाताखालचा. कंट्रोल रूममधी बसलाय. दोन मिंटांचं काम."

लेकीचं काम अडतंय म्हटल्यावर आबा काठी टेकत आले. ऋतिकानं भरतला मेसेज टाकला: सुरू कर.

स्पीकर खरखरला.

"मच्छिंद्राऽऽ"

आवाज म्हाताऱ्याचा, शेवटाला वर चढणारा. भरत नकला बऱ्या करायचा. ऋतिकाला हसू आलं. आबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"ह्यो माझ्या बाचा आवाज हाय."

बहिरूआजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला ते आठवत होते ते अखेरच्या दिवसांतले. बांधावर उभे राहून घसा फुटेस्तोवर हाका मारायचे, आणि एक मेंढरू वळून बघायचं नाही. म्हातारपणी आवाज बदलतो, असं म्हणून घरच्यांनी विषय सोडून दिला होता.

"मच्छिंद्राऽऽ"

"द्या ना आबा! भरत गंमत करतोय."

आबांनी लेकीकडं बघितलं.

"ओ," ते म्हणाले.

खांब गप्प झाला. तेवढ्यात भरतचा फोन आला.

"मॅडम, सुरू कर म्हणालात, पण त्या खांबाची केबल आपण अजून जोडलीच नाही. जोडू का?"

ऋतिका घाबरली. तिनं खांबाची पेटी उघडून वीज तोडली. हिरवा दिवा विझला.

"चला आबा, मेंढरं वळवा. घरी जाऊ."

आबांनी हाक घातली. शब्द तेच, आवाज कुणा परक्याचा, पातळ, चिरका. मेंढरांनी माना वर केल्या, आबांकडं बघितलं आणि पुन्हा तोंडं गवतात घातली. आबांनी गळ्याला हात लावला.

मग विझलेल्या खांबातून हाक आली. आबांची. अगदी रोजची.

सगळा कळप धावत खांबाकडं गेला आणि भोवती माना वर करून उभा राहिला.

आबा तिच्या शेजारी होते. तोंड मिटलेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ऋते," खांब आबांच्या आवाजात म्हणाला. मायेनं.

जिभेवर आलेली ओ तिनं दातांखाली दाबली. तोंडात रक्ताची चव आली. आबांचा हात धरून ती पळत सुटली, मेंढरं तिथंच टाकून.

डांबरी रस्त्याला लागल्यावर फोन वाजला. आईचा.

"अगं, तुझे आबा कवाधरनं दारातल्या खांबातनं हाका मारत्यात. दिली बाई मी एकदाची ओ. तुमी हाय तरी कुठं?"

बोलणं आईचंच होतं. आवाज ऋतिकानं जन्मात कधी ऐकला नव्हता.