काचेआतला हार

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईशप्पथ. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे, घडली तेव्हा मी करंजाड्याला घरी झोपलो होतो, पण संघमित्राने सांगितली ती अशीच.

संघमित्रा आणि अंकुश, नवराबायको, यांचं खांदेश्वरला फोटोफ्रेमचं दुकान. येणारे फोटो बहुतेक गेलेल्या माणसांचे, त्यामुळे एकट्या माणसाची फ्रेम तयार झाली की अंकुशचा हात आपसूक चंदनी मण्यांच्या हाराकडे जातो. त्या दुपारी ऐरोलीच्या एका हौशी गिऱ्हाइकाचं काम होतं. जुनी छापील चित्रं, एकेका चित्रात एकेक कॅथलिक नन, आपापल्या मठाच्या पोशाखात. पायघोळ काळे झगे, कपाळावर घट्ट पांढरी पट्टी, कमरेला जपमाळ. पिवळ्या कागदाला विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास येत होता.

संघमित्रा जेवून आली, तर सगळ्यात तरुण ननच्या फ्रेमला हार.

"अहो, हिला कशाला?"

"कुठल्या जमान्यातली बाई ती. जिवंत असणारे होय?"

"गिऱ्हाईक काय म्हणेल? काढा तो."

अंकुश नुसता हसला, तशी तिनेच हात घातला. बोटांना गार काच लागली. हार आत होता.

"आत कशाला घातलात?"

"बाहेरच घातला होता गं... आत्ता."

मग तिने चेहरा नीट पाहिला. पांढऱ्या पट्टीखाली तेच नाक, हनुवटीवर तोच तीळ. मैत्रीचा. त्यांची एकुलती एक मुलगी, नर्सिंगच्या होस्टेलवर राहणारी.

संघमित्राने फोन लावला. रिंग वाजत राहिली... वाजतच राहिली... मग घोगरा आवाज आला. "आई, गळ्याशी काहीतरी काचतंय..."

तिने खिळे उपसले, काच बाजूला केली. हार हाताला लागेना. तो कागदावर छापलेला होता, बारीक काळ्या रेघांत, इतर चित्राइतकाच जुना. तिने माउंटचा पुठ्ठा कापायची सुरी उचलली आणि मानेजवळचा दोरा कागदासकट खरवडून काढला.

फोनमध्ये लांब श्वास ऐकू आला. "आता बरं वाटतंय गं."

संध्याकाळी गिऱ्हाईक चित्रं घेऊन गेलं. खरवडलेलं त्याला दिसलंच नाही. "हिच्या पायाशी हे मणी सांडलेत," एवढंच म्हणालं, "आधी नव्हते ना?"

आता कबूल करतो. हार, तीळ, मणी, सगळं जसंच्या तसं. मैत्रीने फोन उचलला, तेवढं माझ्या पदरचं. मी पहिल्यांदा ही गोष्ट चारचौघांत सांगितली तेव्हा अंकुश समोर बसला होता, ती रिंग शेवटपर्यंत वाजतच राहिली, हे मला सांगवेना.